व्हॉट्सॲप कॉलच्या ३० वर्षं आधी ऑफिसच्या केबलमधून फोन लागला होता, तो कसा?

"हॅलो… हॅलो… आवाज तुटतोय तुझा… आता येतोय का?"

हे वाक्य आपण सगळेच आठवड्यातून दोन-चार वेळा तरी म्हणतो. मग उठून खिडकीपाशी जातो, वायफाय बंद करून डेटा चालू करतो आणि शेवटी नेट कंपनीच्या नावाने खडे फोडून फोन ठेवतो.

गंमत म्हणजे त्याच वायफायवर यूट्यूबचा पिक्चर न अडकता चालू असतो. पिक्चरला आवाजापेक्षा कितीतरी जास्त डेटा लागतो. मग पिक्चर चालतो आणि साधा कॉल का तुटतो?

याचं उत्तर समजून घ्यायला आपल्याला १९७० आणि ८० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या काही प्रयोगशाळांमध्ये जावं लागेल. तिथल्या लोकांनी फाइल पाठवायला बनवलेल्या कॉम्प्युटरच्या तारेतून माणसाचा आवाज पाठवायचं ठरवलं होतं. त्या तारेवर हे जमेल का, याबद्दल तेव्हा अनेकांना शंका होती.

फोनची तार आणि कॉम्प्युटरची तार यात फरक काय?

जुना लँडलाइन फोन आठवा. तुम्ही नंबर फिरवला की एक्स्चेंज तुमच्यासाठी एक वाट राखून ठेवायचं. तुम्ही बोला नाहीतर गप्प बसा, फोन ठेवेपर्यंत ती वाट तुमचीच. लग्नाच्या वऱ्हाडासाठी अख्खी एसटी बुक केल्यासारखं. निम्म्या सीट रिकाम्या राहिल्या तरी दुसरा कुणी चढणार नाही.

कॉम्प्युटरचं नेटवर्क मात्र रोजच्या एसटीसारखं चालतं. माहितीचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता लिहायचा आणि जशी जागा मिळेल तसे पाठवून द्यायचे. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. एकाच तारेतून शेकडो जणांची पॅकेट जातात, त्यामुळे तार रिकामी पडून राहत नाही.

१९६९ साली सुरू झालेलं अर्पानेट हे अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून उभं राहिलेलं नेटवर्क याच पद्धतीचं होतं. इंटरनेटचं ते पूर्वज.

फाइल किंवा मेसेज पाठवायला ही पद्धत झकास आहे. एखादं पॅकेट उशिरा पोचलं तरी बिघडत नाही, हरवलं तर परत मागवता येतं. आवाजाचं तसं नसतं. माणूस सलग बोलतो आणि समोरच्याला ते सलगच ऐकू यावं लागतं.

त्यात आणखी एक अडचण होती. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज आकड्यांत बदलायचा तर सेकंदाला ८,००० वेळा तो मोजायचा आणि प्रत्येक मापाला ८ बिट द्यायचे, अशी पद्धत आहे. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट झाले. अर्पानेटच्या ताराच मुळात सेकंदाला साधारण ५० हजार बिट वाहून न्यायच्या. थोडक्यात, एका माणसाचा आवाजसुद्धा त्यात मावत नव्हता.

डॅनी कोहेन नावाचा माणूस

कॅलिफोर्नियातल्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये डॅनी कोहेन नावाचे संशोधक होते. विमान चालवण्याचा आभास निर्माण करणाऱ्या सिम्युलेटरवर त्यांनी आधी काम केलं होतं. तिथे पायलटने दांडा वळवला की चित्र त्याच क्षणी वळावं लागतं. त्यामुळे 'वेळेवर' या शब्दाचं महत्त्व त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

लष्कराला गुप्त राहील असं डिजिटल बोलणं हवं होतं. त्या प्रकल्पातून कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटवर्क व्हॉइस प्रोटोकॉल बनवला. प्रोटोकॉल म्हणजे दोन मशीननी आपसात कसं बोलायचं याचे ठरलेले नियम. डिसेंबर १९७३ मध्ये तो पहिल्यांदा चालवला गेला. ऑगस्ट १९७४ मध्ये अर्पानेटवरून पश्चिम किनाऱ्यावरची ही संस्था आणि पूर्व किनाऱ्यावरची एमआयटीची लिंकन लॅबोरेटरी यांच्यात आवाज गेला. अख्खा देश ओलांडून, पॅकेटमधून.

आवाज तारेत मावावा म्हणून तो आधी दाबून लहान करावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लिनियर प्रेडिक्टिव्ह कोडिंग ही पद्धत वापरली आणि आवाज सेकंदाला साधारण साडेतीन हजार बिटवर आणला. ६४,००० वरून थेट ३,५००!

या पद्धतीमागची युक्ती सोपी आहे. आपला आवाज एका क्षणात फारसा बदलत नाही. मागच्या काही मापांवरून पुढचं माप काय असेल याचा अंदाज बांधता येतो. मग सगळा आवाज पाठवण्याऐवजी अंदाज बांधायचं सूत्र आणि थोडी दुरुस्ती एवढंच पाठवायचं.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये आणि अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ही कल्पना स्वतंत्रपणे पुढे आली. बेल लॅब्जमध्ये त्यावर काम करणारे बिष्णू अटल हे मूळचे कानपूरचे. लखनौ आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकून ते अमेरिकेला गेले होते. पुढे मोबाइलमध्ये आवाज दाबायच्या ज्या पद्धती आल्या, त्यातल्या बऱ्याच याच घराण्यातल्या आहेत.

हरवलेला शब्द चालेल, उशिरा आलेला नको

या प्रयोगांतून एक गोष्ट कळली आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं राहिलं.

समजा तुम्ही म्हणालात, "उद्या सकाळी आठला स्टँडवर ये." यातला 'सकाळी' शब्दाचा एक बारीक तुकडा वाटेत हरवला. फाइल पाठवायचे नियम सांगतात की थांबा, तो तुकडा परत मागवा, तो आला की मगच पुढचे द्या. पण तोवर पुढचं वाक्य अडून राहतं. ऐकणाऱ्याला आधी शांतता ऐकू येते, मग सगळे शब्द उशिरा येतात. तोवर त्याला वाटतं तुम्ही गप्प झालात, म्हणून तोही बोलायला लागतो.

त्यापेक्षा तो तुकडा सोडून दिला तर? आवाजाचं एक पॅकेट सहसा २० मिलिसेकंदांचं धरतात, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. एवढा तुकडा गेला तर थोडं खरखरतं, पण आपला मेंदू ती फट भरून घेतो आणि वाक्य समजतं.

उशीर मात्र मेंदूला भरून काढता येत नाही. आवाज पोचायला साधारण १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागायला लागला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर आदळायला लागतात.

म्हणजे आवाजासाठी नेटवर्कला सांगावं लागतं, "बाबा रे, हरवलं तर हरवू दे, पण मागे फिरू नकोस."

तेव्हाच्या इंटरनेटच्या आराखड्यात मात्र सगळ्या माहितीला एकच नियम होता. प्रत्येक तुकडा पोचलाच पाहिजे आणि क्रमानेच पोचला पाहिजे. कोहेन आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी आग्रह धरला की आवाजाला हे चालणार नाही. १९७८ साली त्या आराखड्याचे दोन भाग झाले. फक्त पॅकेट पत्त्यावर नेण्याचं काम आयपीकडे आणि काही हरवलं तर परत मागवण्याचं काम टीसीपीकडे. ज्यांना परत मागवायचंच नाही, त्यांच्यासाठी १९८० मध्ये यूडीपी हा तिसरा, साधासुधा मार्ग आला.

आज तुमचा व्हिडिओ कॉल, ऑनलाइन मीटिंग, मोबाइलवरचा गेम या सगळ्यांचा मुख्य आधार हाच मार्ग आहे.

आता येऊ ऑफिसच्या केबलकडे

अर्पानेट हे शहरांना जोडणारं नेटवर्क होतं. पण एकाच इमारतीतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे तर?

त्यासाठी १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट बनवायला घेतलं. एक जाड केबल, तिला जोडलेले सगळे कॉम्प्युटर आणि सेकंदाला जवळपास ३० लाख बिटचा वेग. अर्पानेटच्या तारेच्या जवळजवळ ६० पट.

मग आवाजाचा प्रश्न सुटला म्हणायचा? तसं नव्हतं.

इथरनेटचा नियम आपल्या गावच्या कट्ट्यासारखा होता. कुणी बोलत असेल तर थांबायचं. शांतता झाली की बोलायचं. दोघांनी एकदम सुरुवात केली तर दोघांनीही गप्प व्हायचं, थोडा वेळ थांबायचं आणि परत प्रयत्न करायचा. किती थांबायचं हे प्रत्येकाने आपापल्या नशिबावर सोडायचं.

चारजण असतील तर कट्टा मस्त चालतो. चाळीस जण एकदम बोलायला आले तर? तुमची पाळी कधी येईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. आवाजाला तर पाळी वेळेवरच हवी. म्हणून अनेकांचं म्हणणं होतं की इथरनेट कागदपत्रांसाठी ठीक आहे, बोलण्यासाठी नाही.

यावर दुसरा उपाय इंग्लंडमध्ये होता. केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबोरेटरीत १९७० च्या दशकात केंब्रिज रिंग नावाचं नेटवर्क तयार झालं. विहिरीवरचा रहाट आठवा. पोहरे गोल फिरत राहतात, रिकामा पोहरा समोर आला की भरायचा. केंब्रिज रिंगमध्ये तसेच छोटे रिकामे डबे गोल फिरत असायचे आणि एका डब्यात १६ बिट माहिती मावायची. कुणालाही सलग दोन डबे बळकावता येत नसत, त्यामुळे प्रत्येकाची पाळी ठराविक वेळात यायचीच. १९८० च्या दशकात याच रिंगवर आयलंड नावाच्या प्रकल्पात फोनची व्यवस्था उभारून पाहिली गेली.

मग बेभरवशाच्या कट्ट्यावर आवाज खरंच चालत नाही का? हे वाद घालून ठरणार नव्हतं, मोजूनच ठरणार होतं.

मोजून बघणारा भारतीय

हे मोजणाऱ्यांपैकी एक होते टिमोथी गोन्साल्विस. हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं. पुढे ते आयआयटी मद्रासमध्ये प्राध्यापक झाले आणि मग आयआयटी मंडीचे पहिले संचालक.

१९८३ मध्ये त्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सेकंदाला ३० लाख बिटच्या इथरनेटवर एकाच वेळी किती जण बोलू शकतात, हे त्यात प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिलं होतं.

आधी कागदावर हिशोब करू. एका आवाजाला ६४,००० बिट, तर ३० लाखांत साधारण ४६ आवाज बसतील, तेही एक बिट वाया न घालवता. कट्ट्याच्या नियमात भांडणं होणार, वेळ वाया जाणार, म्हणजे प्रत्यक्षात बरेच कमी बसतील असं कुणालाही वाटेल.

प्रयोगात उत्तर आलं, सुमारे ४०. पॅकेटची लांबी आणि इतर गोष्टी नीट निवडल्या तर चाळीस संभाषणं एकदम आणि समाधानकारक दर्जाने चालू शकत होती. केबलची जवळपास ९५ टक्के क्षमता कामी येत होती.

पाळीची हमी नसलेल्या तारेवरही आवाज चालतो, कारण थोडं हरवलेलं आवाजाला चालतं. हे चालवून घेण्याची मुभा होती, म्हणून हा आकडा आला.

टाकी भरून ठेवायची युक्ती

एक प्रश्न राहतोच. पॅकेट कधी लवकर येतात, कधी उशिरा. मग ऐकणाऱ्याला सलग आवाज कसा येतो?

आपल्याकडे नळाला पाणी कसं येतं? कधी जोरात, कधी बारीक, मध्येच जातं. तरी घरातल्या नळाची धार सारखी असते, कारण वर टाकी असते. तसंच इथे. आलेली पॅकेट ऐकणाऱ्याच्या बाजूला थोडा वेळ साठवायची आणि मग एका लयीत वाजवायची.

टाकी किती मोठी ठेवायची, यात खरी मेख आहे. लहान ठेवली तर पटकन रिकामी होते आणि आवाज तुटतो. मोठी ठेवली तर आवाज तुटत नाही, पण भरायला वेळ लागतो आणि संभाषण मागे पडतं. आज तुमच्या फोनमधलं कॉलिंग ॲप नेटवर्क बघून ही टाकी सतत लहान-मोठी करत असतं.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. यूट्यूब पुढचा बराच पिक्चर आधीच टाकीत भरून ठेवू शकतं. तुम्ही पुढच्या सेकंदाला काय बोलणार आहात, ते मात्र कुणालाच आधी भरून ठेवता येत नाही.

इथरफोन: १९८० च्या दशकातला स्मार्टफोन म्हणा ना

झेरॉक्सच्या त्याच केंद्रात डॅन स्वाइनहार्ट, लॅरी स्टुअर्ट आणि सेव्हेरो ऑर्नस्टीन यांनी पुढचं पाऊल टाकलं. यातले ऑर्नस्टीन अर्पानेटच्या पहिल्या यंत्रांच्या जडणघडणीतही होते.

त्यांनी टेबलावर ठेवायचा फोन बनवला, त्यात मायक्रोप्रोसेसर बसवला आणि तो इथरनेटला जोडला. नाव ठेवलं इथरफोन. बोलणं एका फोनमधून निघून केबलवरून थेट दुसऱ्या फोनमध्ये जायचं. केबल सगळ्यांची सामायिक, म्हणजे कुणीही चोरून ऐकू शकेल. म्हणून आवाज कुलूपबंद करून, म्हणजे एन्क्रिप्ट करून पाठवला जायचा.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत त्या ऑफिसात साधारण पन्नास इथरफोन रोजच्या वापरात होते. ते काय काय करायचे बघा:

- स्क्रीनवरच्या यादीतून नाव निवडलं की फोन लागायचा.
- कुणाचे फोन येऊन गेले याची नोंद राहायची.
- नको ते कॉल गाळता यायचे.
- व्हॉइस मेसेज ठेवता यायचा. तो लिहिलेल्या मजकुरासारखा कापून-जोडून दुरुस्तही करता यायचा.
- कागदपत्रात एखाद्या ओळीला आपल्या आवाजातली टिप्पणी चिकटवता यायची.
- प्रत्येकाला स्वतःची रिंगटोन होती.
- तुम्ही दुसऱ्याच्या खोलीत जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर लॉगिन केलं, तर तुमचा फोन तिथेही वाजायचा, तुमच्याच रिंगटोनमध्ये.

इथरफोन बाजारात विकायला कधी आला नाही. पण आवाज एकदा आकड्यांत बदलला की तो साठवता येतो, शोधता येतो, कुणाच्याही मागे पाठवता येतो, हे तिथे रोजच्या कामात दिसून आलं.

इकडे लिंकन लॅबोरेटरीच्या लोकांनी लेक्सनेट नावाचं आवाजासाठीचं स्थानिक नेटवर्क उभं केलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगवेगळ्या ठिकाणची अशी नेटवर्क उपग्रहाने जोडून पाहिली गेली. इमारतीतला आवाज इमारतीबाहेर निघाला तो असा.

मग आपल्यापर्यंत यायला इतका वेळ का लागला?

कारण प्रयोगशाळेतली केबल आणि घरातलं इंटरनेट यात जमीन-अस्मानाचा फरक होता.

मार्च १९९२ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या अभियंत्यांच्या सॅन डिएगोच्या बैठकीतलं बोलणं इंटरनेटवरून जगभरातल्या सुमारे २० ठिकाणी ऐकवलं गेलं. १९९५ मध्ये इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने घरच्या कॉम्प्युटरवरून बोलायचं सॉफ्टवेअर विकायला आणलं. १९९६ मध्ये आवाज आणि व्हिडिओच्या पॅकेटवर क्रमांक आणि वेळ टाकायची सर्वमान्य पद्धत ठरली, आरटीपी तिचं नाव.

भारतात प्रश्न तंत्रज्ञानाइतकाच कायद्याचाही होता. इंटरनेटवरून फोन करायला आपल्याकडे १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, तीही मर्यादित स्वरूपात. ज्यांचं कुणी परदेशात होतं, त्यांना आयएसडीचा मीटर पळताना बघत बोलणं काय असतं ते आठवत असेल. २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवर कॉल आला आणि आपण मिनिटं मोजायचं सोडून दिलं.

तुमच्या घरातही तोच कट्टा आहे

तुमच्या घरातलं वायफाय हे स्थानिक नेटवर्कच आहे. आणि ते जवळपास त्याच नियमाने चालतं: आधी ऐका, शांतता असेल तर बोला, नाहीतर थांबा. तुमचा फोन, भावाचा लॅपटॉप, हॉलमधला टीव्ही आणि शेजारच्या फ्लॅटचं वायफाय, सगळे एकाच कट्ट्यावर बसलेत.

आता आकडे बघा. एका व्हॉइस कॉलला सेकंदाला एक लाख बिटही पुरतात. तुमचं कनेक्शन १०० एमबीपीएस असेल तर ते त्याच्या हजार पट झालं. म्हणजे कॉल तुटतो तेव्हा बहुतेक वेळा वेग कमी पडलेला नसतो, पॅकेटला उशीर झालेला असतो. मोबाइलमधले शेकडो फोटो बॅकअपला लागले की राउटरमध्ये रांग लागते आणि तुमच्या आवाजाची चिमुकली पॅकेट त्या रांगेत मागे उभी राहतात. जी उशिरा पोचतात, ती ॲप सरळ टाकून देतं.

म्हणून महागडा प्लॅन घेण्याआधी हे करून बघा. महत्त्वाच्या कॉलच्या वेळी बॅकअप आणि मोठे अपलोड थांबवा. राउटरच्या जवळ बसा. लॅपटॉपवरून इंटरव्ह्यू किंवा मीटिंग असेल तर सरळ केबल लावा. नेटचा स्पीड तपासताना डाउनलोडच्या आकड्याबरोबर पिंगचा आकडाही बघा. पॅकेटला जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात, ते तो सांगतो. तो कमी असेल आणि सारखा वर-खाली होत नसेल, तर कॉल नीट चालायची शक्यता जास्त.

आणि तरीही मध्येच एखादा शब्द गळाला, तर तो ॲपने मुद्दाम सोडून दिलेला असू शकतो. पुढचं वाक्य तुमच्यापर्यंत वेळेवर पोचावं म्हणून.